चालू घडामोडी टिपणसंच : कामाच्या नोंदी, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

महाराष्ट्र राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्व परीक्षा १ डिसेंबरला आहे, म्हणजे आजपासून मोजून दोन महिने उरले आहेत. ही परीक्षा याआधी २५ ऑगस्टला व्हायची होती. त्याच दिवशी बँक भरतीची परीक्षा आली आणि कृषी सेवेच्या जागाही यातच घ्याव्यात ही मागणी होतीच. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. परीक्षा पुढे गेली म्हणून इतिहासाचा किंवा राज्यघटनेचा अभ्यासक्रम वाढत नाही. चालू घडामोडींचा मात्र आणखी तीन महिन्यांचा ऐवज वाढला, आणि तो कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही.

कराडच्या आमच्या अभ्यासिकेत आज सायंकाळी आम्ही पाच जण आणि एक निवृत्त शिक्षक असे बसलो आणि स्वतःचा टिपणसंच तयार करण्याचे ठरवले. मोबाइलवर फिरणाऱ्या आयत्या संचांवर आमचा राग आहे, आणि त्याला ताजे कारणही मिळाले. एका संचात स्वप्नील कुसाळे याचा उल्लेख ‘ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा पहिला खेळाडू’ असा केलेला आढळला. आमच्यातील एक जण गोळेश्वरचा आहे. खाशाबा जाधवांच्या गावच्या मुलासमोर हे वाक्य वाचले गेल्यावर पुढचा अर्धा तास दुसरा विषय निघाला नाही. खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नीलने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात. मध्ये ७२ वर्षे गेली. संचाचे पहिले टिपण हेच झाले.

पद्धत अशी ठरली. प्रत्येक घटनेला एक पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद. वरच्या बाजूला घटना व दिनांक, मध्यभागी पाठ्यपुस्तकातील पार्श्वभूमी, खाली माहिती कोठून घेतली ते. शासकीय निर्णयासाठी पत्र सूचना कार्यालयाचे मराठी निवेदन किंवा ‘लोकराज्य’. इतर बाबतीत किमान दोन वृत्तपत्रे. अग्रलेखातून आकडा उचलायचा नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल घटस्थापनेच्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. वाचनालयात पेढे वाटले गेले आणि टिपणाचा कागद कोणी लिहायचा यावरून चढाओढ झाली. शेवटी तो माझ्याकडे आला, आणि पहिल्याच ओळीत मी चूक केली: ‘मराठी ही भारताची सातवी अभिजात भाषा ठरली.’

शिक्षकांनी विचारले, सातवी कशावरून? आधी सहा होत्या, हे खरे आहे: तमिळ (२००४), संस्कृत (२००५), तेलुगू आणि कन्नड (२००८), मल्याळम (२०१३) आणि ओडिया (२०१४). परंतु काल एकाच निर्णयात मराठीबरोबर पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांनाही तो दर्जा मिळाला. पाच भाषा एकाच बैठकीत आल्यावर त्यांत सातवी कोण आणि अकरावी कोण, हे ठरवायला काहीच आधार नाही. ‘अभिजात भाषांची संख्या सहावरून अकरा झाली’ एवढेच लिहिता येते. मराठीच्या आनंदात मी जो क्रमांक घालून टाकला, तो आयत्या संचांमध्ये कसा शिरत असेल याची कल्पना आली.

या एका कागदावर सगळ्यांचा मिळून दीड दिवस गेला, पण तो वाया गेला असे वाटत नाही. राज्याने प्रस्ताव २०१३ मध्ये पाठवला होता आणि त्यामागे प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल होता. नाणेघाटातील ब्राह्मी शिलालेखासारखे पुरावे त्यात मांडलेले होते. २००४ मध्ये ही श्रेणी सुरू झाली तेव्हा हजार वर्षांच्या प्राचीनतेची अट होती, ती पुढच्याच वर्षी दीड ते दोन हजार वर्षांवर नेण्यात आली, आणि जुलै २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने निकष पुन्हा बदलले. कालचा निर्णय या बदललेल्या निकषांवर झालेला आहे.

सर्वांत उपयोगी मुद्दा मात्र आमच्यातील कृषी पदवीधर मैत्रिणीने काढला. अभिजात दर्जा आणि राज्यघटनेची आठवी अनुसूची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी दोन्हीकडे आहे. पाली आणि प्राकृत अभिजात झाल्या, पण त्या आठव्या अनुसूचीत नाहीत. अभिजात दर्जा मंत्रिमंडळाच्या निर्णयाने मिळतो, अनुसूचीत भाषा घालायची तर घटनादुरुस्ती लागते. विधाने देऊन ‘योग्य पर्याय निवडा’ असे विचारायचे झाले तर ते इथेच विचारले जाईल, असा आमचा कयास आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

पंतप्रधानांचा राज्यात दौरा होता. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन, पीएम-किसानचा अठरावा हप्ता, आणि मुंबईत मेट्रो तीनचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा. तिन्हींसाठी मिळून एकच कागद केला. उद्घाटनांच्या याद्या पाठ करण्यात अर्थ नाही, याबाबत मतभेद झाला नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

नोबेल पुरस्कारांचा आठवडा संपला. मधल्या काळात ९ तारखेला रतन टाटा यांचे निधन झाले, त्याचाही कागद झाला.

नोबेलची नावे सर्वांनाच पाठ होतात. घोळ होतो तो विशेषणांत आणि वाटणीत. हान कांग या साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या दक्षिण कोरियन व्यक्ती आणि पहिल्या आशियाई महिला आहेत. ‘पहिल्या आशियाई’ म्हणून थांबले तर १९१३ चे रवींद्रनाथ टागोर विसरले जातात, आणि हे आमच्यापैकी दोघांच्या वह्यांत झालेलेच होते. रसायनशास्त्राचे तीन मानकरी आहेत, पण वाटणी समान नाही. अर्धा पुरस्कार संगणकाच्या साहाय्याने नवी प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना, आणि उरलेला अर्धा प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळून. भौतिकशास्त्र जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना, वैद्यकशास्त्र मायक्रो आरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना. शांततेचा पुरस्कार निहोन हिदान्क्यो या अणुबाँबग्रस्तांच्या जपानी संघटनेला. ही व्यक्ती नसून १९५६ मध्ये स्थापन झालेली संघटना आहे, हे कागदावर अधोरेखित केले.

अर्थशास्त्राचा पुरस्कार आज जाहीर झाला: डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन. आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्रात अर्थशास्त्र नव्हते. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने तो पुरस्कार १९६८ मध्ये सुरू केला आणि १९६९ मध्ये प्रथम दिला. हे वाक्य दर वर्षी तसेच्या तसे लागू पडते, म्हणून ते ‘पार्श्वभूमी’च्या रकान्यात शाईने लिहिले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विधानसभा निवडणूक जाहीर झाली. एकाच टप्प्यात २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मतमोजणी. एकूण जागा २८८, त्यांपैकी अनुसूचित जातींसाठी २९ आणि अनुसूचित जमातींसाठी २५ राखीव. विद्यमान विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपते, तेव्हा कलम १७२ चा कागद याच्याशी दोऱ्याने बांधून ठेवला. झारखंडच्या ८१ जागांसाठी मात्र १३ आणि २० नोव्हेंबर असे दोन टप्पे आहेत.

वाचनालयातील चर्चेचा सूर आजपासून बदलेल. टिपणसंचाच्या टेबलावर उमेदवारांविषयी बोलायचे नाही, असा नियम केला. तो किती दिवस टिकतो ते पाहू.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

रशियातील कझान येथे २२ ते २४ ऑक्टोबर या काळात ब्रिक्सची सोळावी शिखर परिषद झाली. सदस्य किती, या एका प्रश्नावर आज सायंकाळचे दोन तास गेले.

आयत्या संचांमध्ये कोठे नऊ आहे, कोठे दहा, आणि एका ठिकाणी तर अकरा. आम्ही हिशेब मुळापासून मांडला. २००९ मध्ये येकातेरिनबर्गला पहिली परिषद झाली तेव्हा ब्राझील, रशिया, भारत आणि चीन असे चार देश होते. दक्षिण आफ्रिका आल्यावर पाच झाले. ऑगस्ट २०२३ च्या जोहान्सबर्ग परिषदेत आणखी सहा देशांना निमंत्रण गेले: अर्जेंटिना, इजिप्त, इथिओपिया, इराण, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. पाच अधिक सहा अकरा, असे करून मोकळे झालेल्याने पुढची बातमी वाचलेली नाही. अर्जेंटिनात सरकार बदलले आणि त्या देशाने निमंत्रण नाकारले. इजिप्त, इथिओपिया, इराण आणि अमिराती १ जानेवारी २०२४ पासून सदस्य झाले. सौदी अरेबियाने निमंत्रण नाकारलेही नाही आणि औपचारिक प्रवेश पूर्ण झाल्याचे जाहीरही केले नाही. दहा म्हणणारे त्याला धरतात, नऊ म्हणणारे वगळतात.

यातून पद्धतीत एक बदल झाला. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात ‘कोणत्या तारखेला तपासले’ असा चौथा रकाना घालायचे ठरले, आणि बदलण्याजोगा आकडा पेन्सिलने लिहायचा. हा बदल मागच्या सगळ्या कागदांनाही लावायचा म्हटल्यावर थोडी कुरकुर झाली, कारण तोपर्यंत एकशे दहा कागद झाले होते.

याच परिषदेच्या वेळी २३ तारखेला पंतप्रधान मोदी आणि अध्यक्ष शी जिनपिंग यांची पाच वर्षांतील पहिली औपचारिक द्विपक्षीय बैठक झाली. त्याआधी दोन दिवस, २१ ला, पूर्व लडाखमधील गस्तीबाबत समझोता झाल्याचे परराष्ट्र सचिवांनी जाहीर केले होते. देपसांग आणि देमचोक ही दोन ठिकाणे नकाशावर दाखवता आली पाहिजेत. आमच्यापैकी तिघांना ती आली नाहीत, म्हणून भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावल्या.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची तीन दिवसांची सुट्टी घेतली. परतल्यावर समोर आलेला गोंधळ ‘कॉप’चा, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारांतील देशांच्या परिषदांचा आहे.

या तिमाहीत तीन ‘कॉप’ आहेत आणि त्यांपैकी दोघांचा क्रमांक सोळा आहे. जैवविविधता कराराची कॉप-१६ कोलंबियातील काली येथे २१ ऑक्टोबरला सुरू झाली आणि परवा, २ नोव्हेंबरला, गणसंख्येअभावी निधीचा प्रश्न तसाच टाकून स्थगित झाली. हवामान बदल कराराची कॉप-२९ येत्या ११ तारखेपासून अझरबैजानमधील बाकू येथे आहे. वाळवंटीकरणविरोधी कराराची कॉप-१६ सौदी अरेबियात रियाध येथे २ डिसेंबरपासून, म्हणजे आमच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून आहे. हवामान आणि जैवविविधता हे दोन करार १९९२ च्या रिओ वसुंधरा परिषदेत स्वाक्षरीसाठी खुले झाले, तिसरा १९९४ चा. हवामान कराराची परिषद जवळपास दर वर्षी भरते आणि उरलेल्या दोन्हींची साधारण दोन वर्षांनी. म्हणूनच एक एकोणतिसावर पोहोचली आणि दोघी सोळावर आहेत. हे एकदा समजले की क्रमांक पाठ करावे लागत नाहीत.

‘पक्षांची परिषद’ असे कॉपचे मराठी रूपांतर काही पुस्तकांत आहे. निवडणुकीच्या दिवसांत ते वाचून एकाने प्रामाणिकपणे विचारले की यात कोणते पक्ष जातात. आम्ही ‘करारातील देशांची परिषद’ असे लिहिण्याचे ठरवले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

अमेरिकेत ५ तारखेला मतदान झाले आणि डोनाल्ड ट्रम्प विजयी झाले. निर्वाचक मतांचा आकडा अजून स्थिर नाही, तो पेन्सिलने. शाईने लिहिण्यासारखे एवढे: एकूण निर्वाचक ५३८, बहुमताला २७०, मध्ये खंड पडून दुसऱ्यांदा अध्यक्ष होणारे ट्रम्प हे ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्यानंतरचे दुसरेच, शपथविधी २० जानेवारीला. ‘ट्रम्प अध्यक्ष झाले’ असे आज लिहिणे चूक ठरते, ते निवडून आले आहेत. जो बायडेन अजून पदावर आहेत आणि आमच्या परीक्षेच्या दिवशीही असतील.

११ नोव्हेंबर, सोमवार

न्या. संजीव खन्ना यांनी आज ५१ वे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली. काल न्या. धनंजय चंद्रचूड निवृत्त झाले. मागच्या महिन्यात लिहिलेले चार कागद या एका शपथेमुळे तपासावे लागले, कारण त्यांत ‘सरन्यायाधीश चंद्रचूड’ असे होते. त्यांतील दोन तसेच ठेवले: १ ऑगस्टला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, तेव्हा सरन्यायाधीश तेच होते. निकालाच्या कागदावर निकालाच्या दिवशीचे पद राहील आणि पदाधिकाऱ्यांच्या यादीत आजचे.

पार्श्वभूमीच्या रकान्यात आज जरा हात सैल सोडला. चंद्रचूड घराणे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड १९७८ ते १९८५ असे सर्वाधिक काळ सरन्यायाधीश होते. नवे सरन्यायाधीश हे न्या. हंसराज खन्ना यांचे पुतणे. १९७६ मध्ये एडीएम जबलपूर खटल्यात, आणीबाणीतही जगण्याचा हक्क हिरावता येत नाही असे एकट्याने वेगळे मत देणारे ते न्या. हंसराज खन्ना, आणि त्यांच्याविरुद्धच्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे २०१७ च्या गोपनीयतेच्या हक्काच्या निकालात धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवला. एका शपथविधीच्या बातमीत कलम २१, कलम १२४ आणि आणीबाणी असे तीन धडे येऊन बसले. परीक्षेत यातले काही विचारतील की नाही ते सांगता येत नाही, पण हा कागद सगळ्यांनी मागून घेऊन वाचला.

अमेरिकेचा आकडा शाईने केला: ३१२ विरुद्ध २२६.

१८ नोव्हेंबर, सोमवार

छपाईचा दिवस. एकशे चौसष्ट कागदांतून अठ्ठ्याण्णव निवडले आणि टंकलेखन करून ४८ पानांत बसवले. कोठे थांबायचे यावर वाद झाला. दोघांचे म्हणणे होते की निवडणुकीचा निकाल आल्याशिवाय पुस्तिका काढू नये. प्रश्नपत्रिका परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तयार होत नसते, छपाई आणि वाहतूक यांनाच वेळ लागतो, असा माझा युक्तिवाद होता, आणि वाचायलाही चार दिवस मिळाले पाहिजेत. शेवटी मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘या संचातील माहिती १५ नोव्हेंबर २०२४ पर्यंतची आहे’ असे छापले. आयत्या संचांपैकी एकावरही असे वाक्य पाहिल्याचे मला आठवत नाही.

झेरॉक्सवाल्यांकडे प्रचारपत्रकांची रांग असल्यामुळे साठ प्रती रात्री साडेअकराला मिळाल्या. पान ३१ आणि ३२ उलट लागले आहे. तसेच वाटून टाकले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दोन पानांची पुरवणी काढली. पहिल्या पानावर विधानसभेचा निकाल: भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी काँग्रेस ४१, समोरच्या बाजूला शिवसेना (उबाठा) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) १०. आकड्यांपेक्षा महत्त्वाचा ठरला तो त्यातून निघालेला प्रश्न. विरोधी पक्षनेतेपदासाठी एकदशांश जागांचा संकेत धरला जातो, म्हणजे किमान २९. तितक्या जागा कोणत्याही एका विरोधी पक्षाकडे नाहीत. टेबलावरचा ऑक्टोबरमधील नियम या पानाच्या निमित्ताने मोडला, हे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या पानावर बाकू. परिषद २२ तारखेला संपायची होती, ती काल पहाटेपर्यंत लांबली. विकसित देशांनी पुढाकार घेऊन २०३५ पर्यंत विकसनशील देशांसाठी दर वर्षी ३०० अब्ज डॉलर उभे करावेत, असे ठरले. भारताने हा आकडा अपुरा असल्याचे सांगून ठराव संमत झाल्यावर आक्षेप नोंदवला. जुने उद्दिष्ट वर्षाला १०० अब्ज डॉलरचे होते आणि ते २००९ च्या कोपनहेगन परिषदेपासूनचे आहे. बाकूच्याच निर्णयात १.३ लाख कोटी डॉलरचाही उल्लेख आहे, पण ते सर्व स्रोतांतून गाठायचे व्यापक लक्ष्य आहे. दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहू नयेत, वाचताना एकमेकांत मिसळतात. म्हणून मध्ये रेघ मारली.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज नवीन काही लिहिले नाही. प्रवेशपत्र, ओळखपत्र, काळे बॉलपेन. दोघांचे केंद्र साताऱ्यात आहे, पहाटेच्या एसटीची वेळ विचारून आलो. चुकलेल्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होतात, तेव्हा टिपणातील पेन्सिलचे आकडे आठवत नसतील तर प्रश्न सोडावा, एवढे एकमेकांना सांगितले.

१२ डिसेंबर, गुरुवार

परीक्षा झाली, आणि संच बंद करायचा की पुढे चालवायचा हे ठरवण्यासाठी आज पुन्हा बसलो. ठरवण्याआधी जुने कागद चाळले, तर एवढ्यात कितीतरी शिळे झालेले निघाले. काल संजय मल्होत्रा रिझर्व्ह बँकेचे २६ वे गव्हर्नर झाले. शक्तिकांत दास यांचा कागद मागे गेला. ५ तारखेला देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ८ तारखेला सीरियात बशर अल असद यांची राजवट कोसळली, तेव्हा पश्चिम आशियाचे पान नव्याने लिहावे लागणार. रियाधची परिषद उद्या संपायची आहे.

बसलेलो असतानाच सिंगापूरहून बातमी आली की डी. गुकेशने चौदाव्या डावात डिंग लिरेनला हरवून ७.५–६.५ अशा गुणांनी बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवले. वय १८, याआधीचा सर्वांत तरुण निर्विवाद जगज्जेता कास्पारोव्ह २२ वर्षांचा होता. गोळेश्वरच्या मित्राने कोरा कागद ओढून ‘पहिला भारतीय’ असे लिहायला घेतले, मग स्वतःच थांबून विश्वनाथन आनंद यांचे नाव वर घातले आणि ‘दुसरा’ केले. खालच्या कोपऱ्यात आजची तारीख टाकली. संच चालू ठेवण्याचा ठराव वेगळा करावा लागला नाही; बाकूच्या कागदावर ‘पुढील परिषद : बेलेम, ब्राझील, नोव्हेंबर २०२५’ असे पेन्सिलने लिहून तो नव्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला आहे.